पेन टेकवण्याआधी

४ मार्च

वन्सं,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं तुम्ही मनावर घेत नाही, म्हणून पुन्हा कागद. तसं मलाही बरंच आहे. जे बोलायचं असतं ते मला फोन ठेवल्यावर आठवतं.

दवाखाना नीट चालू आहे. तुमचे भाऊ गेल्यावर काही दिवस कुलूप होतं, मग सुनेने उघडला. पेशंट टिकले. हात हलका आहे तिचा, दाढ काढली तरी माणूस बाहेर येऊन विचारतो, झालं का? खोटं कशाला बोलू. खुर्ची तीच, दिवा तोच, आणि मीही त्याच टेबलाशी. एका बाजूला बाकावर बसलेले पेशंट, दुसऱ्या बाजूला भिंतीतली सरकत्या काचेची खिडकी. तिच्यातून आतली खुर्ची दिसते.

तुमच्या भावाची एक सवय तुम्हाला ठाऊक नसेल. औषधाची चिठ्ठी लिहायला बसले की पेन कागदावर टेकवण्याआधी ते मान वर करून खिडकीतून माझ्याकडे बघायचे. बोलायचे नाहीत. मी बाहेर गप्पा मारता मारता सगळं काढून घेतलेलं असायचं. कुणाला दमा, कुणाला शुगर, कुणाच्या अंगावर कुठल्या औषधाने पुरळ उठतं. काही नसलं तर मी डोळे मिटून उघडायची, म्हणजे लिहा. काही असलं तर मान हलवायची. मग ते उठून खिडकीशी यायचे आणि मी हळूच सांगायची. घरी अबोला असला तरी ही नजर कधी चुकली नाही. काही दिवस तर आमचं तेवढंच बोलणं व्हायचं.

आता सून पडद्याकडे बघते. मुलाने तिला संगणकात नवीन काहीतरी बसवून दिलंय. पेशंट कुठल्या गोळ्या घेतो, कशाची ॲलर्जी, किडनी कशी आहे, ते मी बाहेर टाइप करायचं. ती आत औषध निवडते तेव्हा ते यंत्र दोन्ही ताडून बघतं. जमत नसेल तर लाल चौकट येते आणि त्याऐवजी काय देता येईल तेही खाली लिहून येतं. सगळं ठीक असलं की हिरवं. मग चिठ्ठी छापून येते आणि ती सही करते.

पहिल्याच दिवशी एका आजोबांना ठणक्याची गोळी द्यायची होती. लाल आलं. तिने गोळी बदलली आणि पडद्याकडे बघून अशी मान हलवली, जशी माझं ऐकून झाल्यावर तुमचे भाऊ हलवायचे. चालत्या गाडीत कुणीतरी मला जागेवरून उठवावं तसं झालं.

हसू नका.

तुमची

---

१५ मार्च

प्रिय खिडकीवालीस,

हसू नका म्हणालीस, म्हणून हसले. शेजारीण बघायला आली, हिला काय झालं म्हणून. नवरा गेल्यावर सवत आली, आणि तीही विजेवर चालणारी. असलं नशीब तुझंच.

पण नजर गेली की काय होतं ते तू मला शिकवू नकोस. माझा धाकटा भाऊ लहान असताना कुणी काही हातावर ठेवलं तर घ्यायच्या आधी माझ्याकडे बघायचा. मी हो म्हटलं तरच मूठ मिटायची. तुझं लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला विचारलं, अजून वाढू? तर त्याने तुझ्याकडे बघितलं. मी वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी. त्या दिवसापासून आपण दोघी एकाच रांगेत आहोत, मी फक्त पुढे होते.

आता कामाचं. डावीकडची खालची दाढ ठणकतेय, गाल सुजलाय. इथल्या दातवाल्यावर माझा विश्वास नाही, त्याचे स्वतःचे दात बघवत नाहीत. पुढच्या महिन्यात तिकडे येते.

आणि एक, जे फक्त तुझ्यासाठी आहे. माझे ठोके अडखळतात म्हणून इथल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू केलीय. रोज घ्यायची, मरेपर्यंत. हे तुझ्या मुलाला कळता कामा नये. मागे मी जिन्यात घसरले तेव्हा तो माझं घर विकून मला तिकडे न्यायला ट्रक ठरवत होता. ठोक्यांचं कळलं तर खरंच ठरवेल. सुनेलाही नको. त्या दोघांच्या पोटात काही राहत नाही. तुझ्या पोटात राहतं, एवढं मला कबूल आहे.

तुझी नणंद

---

२४ मार्च

वन्सं,

या. वरची खोली झाडून ठेवते.

तुमचं गुपित माझ्यापाशी. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून कितीतरी लोकांची गुपितं आत गेली, बाहेर एकही आलं नाही. पण ते आत जायला हवं. रक्ताची गोळी दाताच्या डॉक्टरला माहीत असावीच लागते, हे तुमच्या भावाने मला सुरुवातीलाच शिकवलं होतं.

मी ते टाइप करणार नाही. सुट्टीच्या दिवशी मुलगा त्या यंत्रातल्या सगळ्या नोंदींची नक्कल काढायला बसतो, त्याला दिसेल. त्यापेक्षा सून सही करायला पेन उचलेल तेव्हा वर बघेल. बघितलं की मी मान हलवेन. ती उठून खिडकीशी येईल आणि मी तिच्या एकटीच्या कानात सांगेन.

हल्ली ती बघत नाही, हे खरं. पण तुम्ही घरच्या. तुमच्या वेळी बघेल.

खरं सांगू? मी त्या क्षणाची वाट बघतेय.

तुमची

---

११ एप्रिल

वन्सं,

तुम्ही पोचल्याचं कळलं. येताना आणलेली शाल मुद्दाम विसरलात का? माझ्याच अंगावर आहे.

जे झालं ते लिहिते, कारण इथे कुणाजवळ बोलता येत नाही. तुम्ही टेबलापाशी आलात तेव्हा मुलगा बाकावर होता, त्यानेच आणून सोडलं होतं तुम्हाला. मी मोठ्याने विचारलं, काही गोळ्या चालू? हळू विचारलं असतं तर तुम्हाला ऐकू आलं नसतं. तुम्ही सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणालात, मला काय धाड भरलीय? सगळे हसले. मुलगाही हसला.

ती जागा रिकामी ठेवली तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. म्हणून मी ‘काहीही चालू नाही’ यावर खूण केली. मग खिडकीत मान तयार ठेवून बसले.

तिने तुमच्या दाढेतला पू काढला, हात धुतले, पडद्याशी गेली, औषध निवडलं. हिरवं आलं. चिठ्ठी छापून आली, तिने सही केली. वर बघितलंच नाही. मी उठायला हवं होतं. खुर्ची मागे सरकवलीही होती. पण मनात आलं, हिला विचारायचं नाही तर मी का सांगू? तेवढ्यात मुलगा चिठ्ठी घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेला, आणि तुम्हाला बसमध्ये बसवायची घाई झाली.

तुम्हाला दिलेलं ते अँटिबायोटिक तुमच्या गोळीबरोबर चालतं की नाही, मला माहीत नाही. विचारायला हवं, एवढंच मला माहीत. आमच्या डॉक्टरांनीही ते पुष्कळांना दिलंय, तेव्हा काही होणार नाही असं वाटतं. तरी काही वेगळं जाणवलं तर लगेच तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारा.

या पत्राचं उत्तर लवकर पाठवा.

तुमची

---

२ मे

प्रिय खिडकीवालीस,

तुझं पत्र मी इस्पितळातून परत आल्यावर उघडलं. दाराच्या फटीतून आत पडून होतं, शेजारणीच्या पायाचा ठसा उमटलाय त्यावर.

घाबरू नकोस, लिहितेय म्हणजे आहे. आधी हिरडीतून रक्त यायला लागलं. मला वाटलं दाढेचंच आहे. मग हातावर जांभळे डाग आले, कुणी मारल्यासारखे. मग नाक सुरू झालं ते थांबेना. शेजारणीने उचलून नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, या दोन गोळ्या एकत्र कुणी दिल्या? एकीने दुसरीचा जोर वाढवला. आणखी उशीर केला असता तर डोक्यातही रक्तस्राव होऊ शकला असता. मी म्हणाले, कुणी नाही, मीच सांगितलं नाही. खोटं नाही ते. सगळ्या बाकासमोर म्हणाले होते.

तुझा मुलगा आला. ट्रक आणला नाही, एवढं बरं. सूनही आली. तू का आली नाहीस ते मी कुणाला विचारलं नाही. सुनेने माझा हात हातात धरून त्या डागांकडे इतका वेळ बघितलं की मलाच हात ओढून घ्यावासा वाटला. मग विचारलं, “आत्या, आईंनाही सांगितलं नव्हतं?”

मी कान पुढे केला, ऐकू न आल्यासारखा. तिने परत नाही विचारलं. बहिरेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तुझं नाव घेतलेलं नाही.

तुझी नणंद

---

१२ मे

वन्सं,

मी आले नाही कारण मला तुमच्यासमोर उभं राहवलं नसतं. त्या बसच्या संध्याकाळीच तुमच्या शेजारणीला फोन करता आला असता. मी पत्र लिहीत बसले.

इथलं सांगते. सुनेने ते यंत्र बंद केलंय. वर फडकं टाकून ठेवलंय, शिवणयंत्रावर टाकतात तसं. मुलाला म्हणाली, “त्याने मला हिरवं दाखवलं आणि मी विश्वास ठेवला. काढून टाक ते.” आता पुन्हा हाताने चिठ्ठ्या लिहिते. आणि वन्सं, पेन टेकवण्याआधी मान वर करून माझ्याकडे बघते. प्रत्येक पेशंटला.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे मिटून उघडले. तिने लिहिलं. असं वाटलं, कुणी गेलंच नव्हतं.

मला हवं होतं ते मिळालं. तुमच्या रक्तावर मिळालं. दवाखाना बंद करताना रोज ठरवते, आज सांगायचं. सकाळी काच सरकवते, तिची नजर येते, आणि राहून जातं.

परवा एका माणसाने त्याच्या गोळ्यांची पाकिटं काढून नावं वाचून दाखवली. त्यातली दोन मी कधी ऐकलीच नव्हती. मी जे शिकले ते डॉक्टरांची मासिकं चाळून आणि माणसांशी बोलून, आणि आता रोज नवीन गोळी निघते. सुनेने वर बघितलं. मी मान हलवली. ती खिडकीशी आली. “काय झालं, आई?” मला सांगता येईना. म्हणाले, “काहीतरी आहे.” तिने त्या माणसाला औषध न देताच उद्या या म्हणून सांगितलं. तो गालाला हात लावून जिना उतरला. तो उतरेपर्यंत ती दारात उभी होती.

तुमची

---

२० मे

खिडकीवाली,

आज थट्टा नाही.

त्या यंत्राने काय केलं? तू त्याला खोटं सांगितलंस. मी तुला सांगायला लावलं. ते बिचारं हिरवं झालं. आणि ती पोरगी समजते की तिच्याच हातून माणूस मरत होता. इस्पितळात तिचे ओठ पांढरे पडले होते, माझ्यापेक्षा जास्त. तू तिथे नव्हतीस म्हणून तुला माहीत नाही.

तुला गोळीचं सांगितलं ते का, तेही लिहून टाकते. माझ्या भावाच्या घरातली एक तरी गोष्ट फक्त आपल्या दोघींची असावी, सुनेची नसावी, असं मला वाटलं. तू नजरेसाठी जळत होतीस, मी अजूनही त्या डावासाठी जळतेय. दोन म्हाताऱ्या, आणि मधे एक मुलगी जी रोज लोकांच्या तोंडात हात घालते.

ती त्या माणसाला औषध न देता परत पाठवतेय, हे तूच लिहिलंस. उद्या देऊन पाठवेल आणि तुझे डोळे चुकीच्या वेळी मिटतील.

तिला सांग. माझे ठोके आता सगळ्यांना ठाऊक आहेत, लपवायला काही उरलं नाही. तू सांगितलं नाहीस तर मी लिहीन, आणि माझं अक्षर तिला वाचता येतं.

तुझी नणंद

---

६ जून

वन्सं,

सांगितलं.

शेवटचा पेशंट गेला होता. ती हत्यारं धुऊन निर्जंतुक करायच्या यंत्रात एकेक करून मांडत होती. मी खिडकीतून नाही, दारातून आत गेले. म्हणाले, “आत्यांच्या वेळची ती खूण मी केली होती.”

“म्हणजे तुम्हीच करता ना. त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही काय करणार?”

“मला माहीत होतं. त्यांनी आधी पत्रातून कळवलं होतं.”

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. “मग सांगितलं का नाहीत?”

“तू वर बघितलं नाहीस.”

एवढंच तोंडातून निघालं. इतक्या दिवसांत मनात काय काय जुळवलं होतं, आणि निघालं ते हे. बाकावर रुसून बसलेल्या पोरीचं.

तिने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाली, “लग्नानंतर मी बाबांच्या शेजारी उभी राहायचे, आठवतं? त्यांच्या कोपराला माझं कोपर लागायचं. औषधं पाठ करून करून डोळे गेले होते माझे. आणि चिठ्ठी लिहायची वेळ आली की ते माझ्या डोक्यावरून तुमच्याकडे बघायचे. एकदाही मला विचारलं नाही, आई. ते गेले तोपर्यंत नाही. म्हणून मी ते यंत्र बसवून घेतलं. ते निदान मला विचारतं.”

मला बसायला खुर्ची सापडेना. पेशंटच्या खुर्चीत बसले. ती तिरकी होती, मी नीट बसूही शकले नाही, आडवीच झाले. हसायला यायला हवं होतं. आलं नाही, तिलाही नाही. तिने दिव्याचं बटण बंद केलं, माझ्या डोळ्यांवर येत होता म्हणून, आणि निघून गेली.

नंतर काही दिवस कामापुरतंच बोलायची. दुसऱ्या दिवशी यंत्रावरचं फडकं निघालं. ते तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलं, घडी करून. मुलाला मी सांगितलं. तो माझ्याकडे बघून फक्त “आई” म्हणाला आणि बाहेर गेला. जेवायला परत आला.

आता नियम झालेत. ‘काहीही चालू नाही’ ही खूण मी करायची नाही. ती सून करते, पेशंटला आत घेऊन, दार लावून, स्वतः विचारून. कुणाला हळू सांगायचं असेल ते तिला सांगतात. मी जे कळलं तेवढं टाइप करते, पाकिटावरचं अक्षर अन् अक्षर बघून. दार लागतं. आत काय बोलतात ते ऐकायचं नाही म्हणून मी बाकावरच्या लोकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारते.

तो गालाला हात लावून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला नव्हता, तो गेल्या आठवड्यात परत आला. त्याच्या त्या दोन गोळ्यांपैकी एकीला खरंच लाल आलं, दुसरीचं काहीच नव्हतं. मी मान हलवली होती ती बरोबर ठरली म्हणायची, पण ते माझं शहाणपण नव्हतं. तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि यंत्राला कळलं.

एक गोष्ट सारखी मनात येते. तुमचे भाऊ माझ्याकडे बघायचे, त्यात मी काय काय वाचलं होतं. पण चूक झाली तर, या भीतीने त्यांना झोप लागायची नाही, हे मला माहीत आहे. कुशीवर वळून विचारायचे, त्या बाईला दमा नव्हता ना? ते घाबरून बघायचे वन्सं. हे यंत्र तेव्हा असतं तर त्यांनी त्याच्याकडेच बघितलं असतं, आणि शांत झोपले असते. हे मला पटतं. आणि पटूनही त्यांचा राग येतो. गेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. कदाचित तुम्हाला माहीत असेल, तुमच्या हातात तो डाव अजून आहे.

काल दुपारी पेशंट नव्हते. यंत्रात तुमचं नाव काढलं. त्या दाढेचं औषध तुमच्या नावावर होतंच. गोळ्यांच्या जागी मी केलेली खूण पुसली आणि रक्ताच्या गोळीचं नाव टाइप केलं, तुमच्या पत्रात बघून. पडदा लगेच लाल झाला. एवढंच लागत होतं त्याला.

आतल्या पडद्यावरही ते दिसलं असणार. काच सरकल्याचा आवाज आला. सून म्हणाली, “आई, हे कुणाचं?”

“आत्यांचं. घालायचं राहिलं होतं.”

ती तिथेच उभी होती. तिने मान हलवली असं वाटलं. माझ्याकडे बघून, की पडद्याकडे, ते मी बघितलं नाही. गोळी किती वेळा घ्यायची तेही खाली लिहायचं असतं, आणि मी ते टाइप करत होते.

तुमची